शंभरचं टाक

आरळगावच्या पेट्रोल पंपावर विजयमाला काळुगडे एकोणीस वर्षं नोझल धरून उभी होती. त्या एकोणीस वर्षांत मिळून जेवढ्या शिव्या तिच्या कानावर पडल्या नसतील, तेवढ्या गेल्या अकरा दिवसांत पडल्या. शिव्या तशा बोर्डावरच्या आकड्याला होत्या. पण आकड्याला तोंड नसतं, आणि विजयमालाआक्का आयती समोर उभी.

"आक्का, चहाला गेलो तवा एकशे एकसष्ट हुता. चहा पिऊन आलो तर एकशे बासष्ट! एवढ्यात काय सोनं कालवलं का काय त्यात?"

"मला काय इचारतोस? त्या डब्याला इचार," असं म्हणून आक्का केबिनच्या छपराकडं बोट दाखवायची.

छपरावर बिस्किटाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी बसवली होती. शहरातल्या गाड्या बॅटरीवर गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि तिथले पंप एकामागोमाग एक बंद पडले होते. उरले ते आरळगावसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांत, जिथल्या चढणीवर बॅटरीच्या गाड्या अर्ध्यात मान टाकायच्या. एवढ्या थोड्या पंपांसाठी भाव ठरवायला माणसं कोण ठेवणार? कंपनीनं प्रत्येक पंपावर एक यंत्र बसवलं आणि ज्याचा त्यानं भाव ठरवावा असं सांगून हात झटकले. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि संध्याकाळी सात, असा दिवसातून चार वेळा आकडा बदलायचा. बावीस किलोमीटरवर हायवेला वांगरूळ आहे. तिथल्या डब्यानं एकशे अठरा धरून ठेवला होता, आणि आरळगावचा एकशे अठरावरून चढत चढत एकशे त्रेसष्टला टेकला. वांगरूळला जाऊन पेट्रोल आणावं, तर जाण्यायेण्यातच ते जळायचं.

या सगळ्याचा मार शेवटी बसला तो आक्काच्या धाकट्या भावाला, हिंदुरावला.

हिंदुराव पाटोळे वडाप चालवायचा. वडाप म्हणजे आमच्याकडची माणशी भाडं घेऊन चालणारी जीप. वरच्या वाड्यांवर एसटी जात नाही, त्यामुळं चौदा पोरी रोज त्याच्याच जीपमधून आरळगावच्या कॉलेजात यायच्या. ही जीप घ्यायला आक्कानंच त्याला भरीस घातलं होतं. ती स्वतः त्याच वाडीत वाढलेली. सातवीनंतर शाळा खाली गावात, आणि खाली यायला काही नाही, म्हणून तिचं शिक्षण तिथंच संपलं. ती जीप पोरींना भरून उतरताना दिसली की आक्काला रोज नव्यानं बरं वाटायचं, आणि हे ती कुणालाही न लाजता सांगायची.

सोमवारी संध्याकाळी हिंदुराव पंपावर आला. "दोनशेचं टाक," म्हणाला. मग काच खाली ठेवून समोर बघत म्हणाला, "पुढच्या सोमवारी गाडी न्यायला माणूस येणार हाय. म्या पुण्याला वॉचमनची नोकरी बघितलीया."

आक्का गर्रकन वळली. "आन् पोरी? बारावीची परीक्षा चालू हाय त्यांची!"

"किती दिस पदरचं घालू? भाडं वाढवलं तर निम्म्या पोरी घरी बसत्यात. हितं भाव चढवायचा आन् वर पोरींचं मलाच सांगायचं व्हय?"

"मी चढवते भाव?"

"पंपावर कोण उभं हाय? मी का तू?"

आक्कालाही राग आवरला नाही. "जा मग पुण्याला! बस एखाद्याच्या दारात स्टूल टाकून!"

"जातोच. आन् परत तुझ्याशी बोललो तर नाव बदलीन," म्हणून त्यानं गाडी अशी काढली की टाकीचं झाकण लावायचं राहून गेलं.

आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ती चौदाची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. त्या संध्याकाळी आक्का जेवली नाही.

मंगळवारी कंपनीचा इंजिनियर आला. प्रणिल देशभ्रतार, नागपूरचा, अंगानं काडी आणि बोलायला गोड. छपरावर चढून त्यानं तासभर डबा तपासला आणि खाली उतरून म्हणाला, "काकू, मशीन एकदम बरोबर चालून राहिली आहे. काहीच बिघाड नाही."

"बिघाड न्हाई? पंचेचाळीस रुपये वाढले, बाबा!"

"तेच तर सांगून राहिलो." आक्कानं पुढं केलेला चहा त्यानं घेतला आणि टायरवर बसला. "मशीनला फक्त दोन गोष्टी समजतात. पेट्रोल किती गेलं अन् गल्ला किती जमला. ती भाव रुपयानं वाढवून बघते. गल्ला पडला तर समजते, लोकांना झेपत नाही, अन् खाली येते. गल्ला पडला नाही तर समजते, लोकांना चालतं, अन् आणखी एक रुपया चढवते. वांगरूळला हायवेचे गाडीवाले बोर्ड पाहतात अन् पुढं निघून जातात. गल्ला लगेच पडतो, म्हणून तिथं भाव जागेवर आहे. तुमच्याकडे कितीही वाढवा, गल्ला तेवढाच. उलट पेट्रोल कमी जातं, म्हणजे कंपनीचा खर्चही कमी. तुमच्या गावाला भावाचं काही वाटतच नाही, असं तिला वाटून राहिलं."

"काही वाटत न्हाई?" आक्का उसळली. "सकाळपासनं किती आयाबहिणी निघाल्या ते मोजायला बस हितं!"

"शिव्या तिला ऐकू येत नाहीत ना, काकू."

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. आक्कानं सवयीनं नोझल उचललं. "शंभरचं टाक," गाडीवाला म्हणाला. मागून दुसरा आला. त्यानंही शंभरचंच मागितलं. तिसरा जरा बरा होता, तो दोनशेचं म्हणाला.

आक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

एकोणीस वर्षांत तिनं लिटर हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून क्वचित ऐकला असेल. आरळगावात पेट्रोल रुपयांतच मागायचं. फार वर्षांपूर्वी इथं एक पंपवाला होता, तो सुट्ट्या पैशात हात मारायचा. तेव्हापासून गावानं अख्खी नोटच पुढं करायची सवय लावून घेतली. तो पंपवाला गेला, नोटा गेल्या, फोनवर पैसे देणं आलं, पण शंभरचं टाक काही गेलं नाही. पेट्रोल ऐंशी असो की एकशे साठ, माणूस शंभरचंच घेणार, वर दोन शिव्या देणार आणि जाणार. मग गल्ला पडेल कुठून?

"आमीच चढवला की रं भाव!" आक्का म्हणाली आणि मटकन टायरवर बसली. इंजिनियरला वांगरूळची गाडी गाठायची होती. तो नंबर देऊन गेला.

आता आक्का काही गप्प बसणारी बाई नव्हे. तिनं त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला सांगितलं, की उद्यापासून कुणी रुपयात पेट्रोल मागायचं नाही, लिटरात मागायचं. कारणही सांगितलं. पंपमालक दिनकररावांची हरकत नव्हती, कारण त्यांना कमिशन लिटरमागं मिळायचं आणि लिटरं तर रोज घटत होती. गाव दणक्यात तयार झालं. बुधवारी सकाळी जो तो पंपावर येऊन, "शंभरच... न्हाई न्हाई, एक लिटर टाक," म्हणत होता, आणि बरोबर म्हटल्याबद्दल स्वतःवरच खूश होत होता.

बुधवारी सकाळी आकडा एकशे सहासष्ट झाला. अकराला एकशे एकोणसत्तर. चारला बहात्तर. आता डबा तीन-तीन रुपयांच्या ढांगा टाकत निघाला होता. गुरुवारी अकरा वाजता बोर्डावर एकशे एक्याऐंशी लागला, आणि आक्काला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

त्याच वेळी हिंदुरावची जीप आली. त्यानं बोर्ड बघितला, मग बहिणीकडं बघितलं. तोंडातून एक अक्षर न काढता गाडी मागं घेतली आणि पेट्रोल न घालताच गेला. त्यानं शिवी दिली असती तर आक्काला बरं वाटलं असतं.

तिनं प्रणिलला फोन लावला.

"अरे बापरे, काकू! हे काय करून ठेवलं?" तो हसावं की रडावं अशा आवाजात म्हणाला. "भाव वाढला तरी सगळ्यांनी एकच लिटर घेतलं, म्हणजे गल्ला वाढला ना! मशीनला वाटलं, लॉटरीच लागली. रुपयाला चिकटून राहू नका अन् लिटरलाही चिकटून राहू नका. वाढला की कमी घ्या, उतरला की जास्त घ्या. तेव्हा तिला समजेल."

"मग हे मंगळवारीच सांगायला काय झालं हुतं, मेल्या?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

गुरुवार हा आरळगावच्या बाजाराचा दिवस. आक्का रागारागानं पिशवी घेऊन बाजारात गेली आणि हसीनाभाभी बागवानच्या वांग्यांपुढं उभी राहिली. हसीनाभाभीनं शंभर सांगितले. आक्कानं सत्तर म्हटलं. भाभीनं मान हलवली, आक्का पाठ फिरवून चालू लागली. चार पावलं गेली असेल, मागून हाक आली.

"ओ आक्का! या की. ऐंशीला घ्या."

आक्का जागच्या जागी थांबली. मग वळली, आणि एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारची कोथिंबीरवाली दचकली.

"भाभी, मी पाठ फिरवली म्हणून तू भाव उतरवलास. मी हितंच उभी राहून नुसत्या शिव्या दिल्या असत्या आन् वांगी घेतली असती तर?"

"तर कशाला उतरवीन? शिव्या फुकट हायत्या."

"डब्यालाही पाठ दाखवायला पायजे गं!"

हसीनाभाभी आयुष्यभर तराजू धरून बसलेली. तिला डब्याचं गणित इंजिनियरपेक्षा लवकर कळलं. "एकटीनं फिरवून उपेग न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांनी फिरवली पायजे. आन् दुसरं ऐका. मी उतरवून हाक मारली आन् तुमी आलाच न्हाईत, तर पुढल्या येळंला मी हाक मारीन का? उतरला की यायचं. आन् घ्यायचं. बाजाराचा नेम हाय त्यो."

संध्याकाळी पंचायतीपुढं माणसं जमली ती आक्काला फाडून खायच्या तयारीनंच. तिनं आधी चूक कबूल केली. मग हसीनाभाभीनं पुढं होऊन वांग्यांची गोष्ट सांगितली, आणि मघाशी आरडाओरडा करणारे हसायला लागले. आयुष्यभर बाजारात घासाघीस करणारं गाव पंपावर मात्र देवळात उभं राहिल्यासारखं उभं राहत होतं, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. ठरलं. आकडा चढला की पंपाकडं फिरकायचं नाही. उतरला की भोंगा वाजेल, मग ज्याला जमेल तेवढं घ्यायचं. डॉक्टरांची गाडी तेवढी सोडून.

पण आक्काचा जीव एका जागी अडकला होता. हिंदुरावची जीप एकटी तीस मोटारसायकलींएवढं पेट्रोल प्यायची. सगळ्या गावानं पाठ फिरवली आणि त्यानं चढ्या भावानं टाकी भरली, तर डब्याला गल्ला भरलेलाच दिसणार, आणि सगळं मुसळ केरात. आणि शुक्रवारी पोरींचा पेपर होता.

दिवस मावळायच्या आत ती वाडीवर गेली. हिंदुराव अंगणात बसला होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं. आक्कानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

हिंदुराव पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणाला, "सांग तिला, लिटरचा तमाशा बघितला म्हणावं. आता ह्यो नवा."

"चुकले मी," आक्का कुत्र्याकडं न बघता भावाकडं बघत म्हणाली. "पर ती गाडी गेली तर वाडीवरच्या पोरी माझ्यासारख्या व्हतील रं. हातात नोझल धरून जन्म काढला मी. वाईट न्हाई ते काम. पर मला शिकायचं हुतं." हे तिनं याआधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

हिंदुरावनं कुत्र्याची मान खाजवली. "सांग तिला," तो कुत्र्यालाच म्हणाला, "टाकीत उद्याच्यापुरतं न्हाई म्हणावं." एवढं बोलून तो आत गेला. याचा अर्थ काय घ्यायचा, ते आक्काला काही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला आकडा एकशे नव्वद झाला. पंपावर चिटपाखरू नाही. सात वाजले, आठ वाजले. आक्का एकटी नोझलशेजारी उभी. रस्त्यानं माणसं सायकली मारत, चालत जात होती आणि जाताना मुद्दाम तोंड फिरवून हसत होती. आक्काचं लक्ष मात्र डोंगराच्या रस्त्याकडं होतं.

साडेनऊला जीप दिसली. घाटातून इंजिन बंद करून नुसत्या उतारावर ती खाली आली, पायथ्याला सपाटी लागल्यावर हळू झाली आणि थांबली. आता वळणार, आता हा पेट्रोल मागणार, म्हणून आक्का बघत राहिली. तर मागचं दार उघडलं. एक-एक करून चौदा पोरी खाली उतरल्या, ओढण्या कमरेला खोचल्या आणि "हं, एक... दोन!" म्हणत जीप ढकलायला लागल्या. स्टिअरिंगवर हिंदुराव, नाक वर करून. जीप पंपासमोरून ढकलत ढकलत गेली, तरी तो पंपाकडं वळला नाही की त्यानं बहिणीकडं बघितलं नाही. पोरींनी मात्र ओरडून हात केले. आक्का हसत होती आणि पदरानं डोळे टिपत होती. पेपरला पोरी दहा मिनिटं आधी पोचल्या.

अकराला आकडा खाली आला. एकशे सत्त्याऐंशी! भोंगा वाजला आणि गाव पंपावर लोटलं. कुणी थोडं घेतलं, कुणी जास्त घेतलं. दुपारी तीही आली, ढकलत आणलेली जीप. चारला डबा एकशे ब्याऐंशीवर उतरला, सातला एकशे सत्त्याहत्तर. शनिवारी सकाळी त्यानं पुन्हा एक रुपया चढवून बघितला. गावानं लगेच पाठ फिरवली. अकराला तो असा घाईनं खाली आला की विचारू नका. चढवलं की गल्ला आटतो आणि उतरवलं की भरतो, हे आता त्याला पक्कं पटलं होतं. ढांगा मोठ्या होत गेल्या, आठ रुपये, दहा रुपये, बारा रुपये. हसीनाभाभी मुद्दाम येऊन बोर्डापुढं उभी राहायची आणि म्हणायची, "आता शिकला बघा धंदा!"

रविवारी संध्याकाळी एकशे एकोणीस. सोमवारी सकाळी सहाला बोर्डावर एकशे चौदा लागला, म्हणजे वांगरूळपेक्षाही चार रुपये कमी. प्रणिलनं फोन करून विचारलं, "काकू, तुमच्या गावात नेमकं काय झालं?" आक्का म्हणाली, "वांगी घ्यायला ये, म्हंजे कळंल."

पण तिला अजून पुरता आनंद होत नव्हता. सोमवार उजाडला होता. हिंदुराव तिच्याशी अजून बोलत नव्हता, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतला तो नव्हता.

साडेनऊला जीप पोरींसकट पंपावर येऊन उभी राहिली. पाठोपाठ एक बिनआवाजाची शहरी गाडी आली. तिच्यातून पांढरे बूट घातलेला माणूस उतरला. जुन्या पेट्रोल गाड्या आता शहरात हौसेनं विकत घेत, आणि हा त्यातलाच होता. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली. "साडेतीन लाख ठरलं होतं ना, पाटोळे? चला, पोरींना उतरवा."

आक्का नोझल हातात धरून तशीच उभी राहिली.

हिंदुरावनं हात जोडले. "माफ करा, साहेब. न्हाई इकायची."

"का? बरं, पावणेचार घ्या."

हिंदुरावनं पाठ फिरवली आणि तो जीपकडं चालू लागला. आक्काला शंका आली. भाव वाढवून घ्यायला तर नाही ना ही पाठ?

"चार!" मागून आवाज आला. "पाटोळे, चार लाख! अहो, साडेचार!"

बाजारात पाठ फिरवणारी माणसं आक्कानं जन्मभर बघितली होती. भाव करणाऱ्याचा कान मागं असतो, पाऊल जरा रेंगाळतं. तिनं भावाच्या पावलांकडं बघितलं. ती रेंगाळत नव्हती. हा भाव करत नव्हता. हा खरोखरच निघाला होता.

हिंदुरावनं दार उघडलं, आत बसला, काच खाली केली आणि आठवडाभरात पहिल्यांदा सरळ बहिणीशी बोलला.

"आक्के, आशी बघत काय राह्यलीस? टाक लवकर. पोरींचा पेपर हाय."

नाव बदलायच्या शपथेची गोष्ट वाडीभर झाली होती. मागून पोरी एकदम ओरडल्या, "आता नवं नाव काय ठेवायचं, मामा?" हिंदुरावनं मागं वळून डोळे वटारले, पण त्यालाही हसू आवरेना. आक्कानं नोझल टाकीत घातलं. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि तिला ते पुसायचं नव्हतं.